१.०४० वर अडकलेली बादली

घरी दारू गाळायला शिकणाऱ्या एका वाचकाचं पत्र (थोडं छाटलंय, बाकी जसंच्या तसं. वॉश म्हणजे गाळण्याआधी यीस्टनं आंबवलेलं साखरपाणी, स्टिल म्हणजे गाळायचं यंत्र, डीएपी म्हणजे यीस्टचं खत, आणि रीडिंग म्हणजे हायड्रोमीटरनं मोजलेला पाण्याच्या तुलनेतला जडपणा, पाणी १.०००):

"दादा नमस्कार, मी मूळचा कोल्हापूरकडचा, आता न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला असतो. इथं घरी डिस्टिल करायला परवानगी आहे म्हणून यंदा छोटा स्टिल घेतला. पहिलाच वॉश लावला. २५ लीटरमध्ये ७ किलो पांढरी साखर, ५० ग्रॅम ब्रेडचं यीस्ट, अर्धा चमचा डीएपी. एका ठिकाणी वाचलं होतं म्हणून साखर आधी चार लिंबांच्या रसात उकळून घेतली. सुरुवातीचं रीडिंग १.०८५. पहिले तीन दिवस नुसता धिंगाणा, मग हळू हळू होत पाचव्या दिवशी १.०४० वर आलं आणि तिथंच बसलं. आज नववा दिवस. एअरलॉक गप्प. चाखलं तर आंबटगोड, लिंबू सरबतासारखं लागतं. बादली गॅरेजमध्ये आहे, रात्री तिथं १२-१३ डिग्री असेल. अजून एक पाकीट यीस्ट टाकू का? की गूळ टाकू? की सगळं ओतून देऊ? बायको म्हणते ओतून दे, तिला मुंबईच्या मालवणीतल्या दारूकांडाची आठवण येते."

भाऊ, नमस्कार.

ओतू नका. गूळ तर अजिबात नको. आणि यीस्टचं पाकीट सध्या फोडू नका, त्याची वेळ आली तर मीच सांगतो खाली.

तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं, कारण तुम्ही आकडे लिहिलेत. मला जी पत्रं येतात त्यातली बरीचशी "दादा बुडबुडे थांबले काय करू" एवढीच असतात, आता बुडबुड्यावरून मी काय सांगणार. एअरलॉक, म्हणजे झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी, हे काही मोजायचं यंत्र नव्हे हो, झाकण जरा सैल असलं की गॅस कडेनं निघून जातो आणि आत जत्रा भरलेली असली तरी एअरलॉक शांत. तुमच्या केसमध्ये मात्र चार दिवस रीडिंगच हललेलं नाही म्हणजे खरंच अडकलंय. पण तुमच्या आकड्यांमध्ये एक गडबड आहे, तिथून सुरू करू, कारण सगळी गोष्ट त्यातच दडलीये.

१ किलो साखर १ लीटरमध्ये मावली असं धरलं तर ग्रॅव्हिटी (म्हणजे तेच रीडिंग, ०.००१ म्हणजे एक पॉइंट) साधारण ३८४ पॉइंटनी वाढते. तुमची ७ किलो, एकूण २५ लीटर. ३८४ गुणिले ७ भागिले २५, येतात १०७ आणि वर थोडे. म्हणजे सुरुवात १.१०७ असायला हवी होती, तुम्ही लिहिताय १.०८५. बावीस पॉइंट गेले कुठं? साखर तर कुणी चोरली नाही. तर झालं असं असणार, साखर उकळून त्या पाकात वरून गार पाणी ओतलंत, नीट ढवळलं नाहीत, जड पाक तळाशी बसला आणि तुम्ही वरचं पातळ पाणी काढून मोजलंत. त्यात ते कोमट असणार. हायड्रोमीटर २० डिग्रीला मोजायला बनवलेला असतो, ४० डिग्रीच्या पाण्यात तो ६-७ पॉइंट कमी दाखवतो. दोन्ही मिळून तुमचे बावीस पॉइंट बसतात.

आता हे इतकं का सांगतोय, तर तुम्हाला वाटतंय बादलीत आत्ता सहा टक्क्याच्या आतबाहेर अल्कोहोल आहे (१.०८५ वजा १.०४०, गुणिले १३१.२५, येतात ५.९). खरं तर १.१०७ वरून मोजलं तर पावणेनऊच्या आसपास झालंय. म्हणजे तुमच्या यीस्टनी तुम्हाला वाटतं त्याच्या दीडपट काम केलंय बिचाऱ्यांनी, आणि अजून १.०४० पासून ०.९९० पर्यंतचं काम उरलंय. हो, ०.९९०. साखरेचा वॉश १.००० ला संपत नाही, अल्कोहोल पाण्यापेक्षा हलका असतो म्हणून शेवटचा आकडा पाण्याच्याही खाली जातो. सगळी साखर खाल्ली असती तर पंधरा टक्क्यांच्या वर गेलं असतं, आणि ब्रेडच्या यीस्टकडून पंधरा टक्के मागणं म्हणजे शाळेतल्या पोराला पोतं उचलायला लावणं. दहा-बारापर्यंत ते आनंदानं जातं, त्यापुढं रडत.

पण ते अडकलं पावणेनऊला. म्हणजे अल्कोहोलनी मारलेलं नाही, दुसरंच काहीतरी आहे. आणि ते तुमच्या जिभेनं तुम्हाला सांगितलंय: लिंबू सरबत.

साध्या पांढऱ्या साखरेचा वॉश आंबट होत जातो. यीस्ट जसजसं खातं, वाढतं, तसतसं ते आसपासचं पाणी आम्लधर्मी करतं. धान्याच्या मॅशमध्ये किंवा फळाच्या रसात हे इतकं जाणवत नाही कारण त्यात प्रथिनं, क्षार असं बरंच काही असतं जे तो आंबटपणा गिळून टाकतं. पांढऱ्या साखरेत तसलं काहीच नसतं, कारखान्यानी सगळं धुऊन काढलेलं असतं, उरते फक्त साखर. आणि न्यूझीलंडच्या नळाचं पाणी बऱ्याच ठिकाणी मऊ, म्हणजे तेही मदतीला येत नाही. मग पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट) घसरत घसरत तीनच्या खाली जातो आणि यीस्ट हातपाय गाळून बसतं. त्याला साडेचार-पाच आवडतो, साडेतीन चालवून घेतं. तीनच्या खाली संप.

आणि तुम्ही काय केलंत तर चार लिंबं आधीच पिळलीत! ही लिंबाची किंवा सायट्रिक ॲसिडची युक्ती सगळीकडे सांगतात, की साखर आधी फोडून दिली तर यीस्टचं काम सोपं. अहो यीस्टकडे साखर फोडायचं स्वतःचं एन्झाइम असतं, इन्व्हर्टेज, ते काम ते जाता जाता करतं. आपण पोळी आधी चावून देण्याची काही गरज नाही. तुमचे गॅस, वेळ आणि लिंबं वाया गेली वर शर्यत सुरू व्हायच्या आधीच पीएच खाली गेला.

दुसरं कारण म्हणजे उपासमार. साखर हे यीस्टचं इंधन झालं, अन्न नव्हे. त्याला शरीर बांधायला नायट्रोजन लागतो, थोडं फॉस्फरस, मॅग्नेशियम, बी गटातली जीवनसत्त्वं. ब्रेड करताना हे सगळं कणकेतून मिळतं. तुम्ही टाकलंत अर्धा चमचा डीएपी, म्हणजे फार तर अडीच ग्रॅम. नुसत्या साखरेच्या वॉशला लीटरमागे १ ग्रॅम तरी हवं, म्हणजे २५ लीटरला २५ ग्रॅम. दहा माणसांच्या पंगतीत एकाचं ताट वाढलंत.

इथं जरा विषयांतर करतो, कारण आपल्याकडच्या माणसाला हे पटकन कळतं. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस काढून ठेवतात, कुणी त्यात यीस्टचं पाकीट टाकत नाही, खत टाकत नाही, दोन-तीन दिवसात तो आपला आपण फसफसतो आणि त्यातून आधी हुर्राक (पहिल्यांदा गाळलेली हलकी दारू) आणि मग फेणी निघते (काजू फेणीला २००९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचा शिक्का, पण मिळाला). मोहाच्या फुलांचं तेच. का? तर फूल, फळ आपलं जेवण स्वतःबरोबर घेऊन येतं, यीस्टसकट. पांढरी साखर रिकाम्या हातानं येते. आणि पेपरात वाचलं असेल, पोलिसांनी गावठी दारूच्या हातभट्टीवर छापा टाकून "गूळ, नवसागर आणि रसायन नष्ट केले", तर तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाला भांड्याला कल्हई करताना टाकायचा तोच. त्यात नायट्रोजन असतो. भट्टीवाल्याला रसायनशास्त्र माहीत नसेल पण नवसागर टाकला की सडवा (आंबवलेलं मिश्रण) जोरात चढतो हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. म्हणून तुम्ही नवसागर टाकू नका हे वेगळं सांगायला नको, बाजारातला माल खाण्यासाठी बनवलेला नसतो आणि त्यात काय काय मिसळलेलं आहे कोण बघतो.

तसंच डीएपीचं. कोल्हापूरकडचे आहात म्हणजे उसाला डीएपीची पोती टाकताना पाहिली असतील. रसायन तेच, डायअमोनियम फॉस्फेट, पण शेतातलं पोतं नको, होमब्रू दुकानात खाण्याच्या प्रतीचं मिळतं तेच घ्या, काही डॉलरची गोष्ट आहे. आणि युरिया तर कुणी फुकट दिला तरी नको. युरिया आणि अल्कोहोल मिळून एथिल कार्बामेट तयार होतं, ते कॅन्सरशी जोडलेलं आहे, आणि डिस्टिल करताना तापवल्यावर ते बनायला अजून जोर येतो. जुन्या रेसिपीत युरिया लिहिलेला दिसला की ती रेसिपी बंद करा.

तिसरं कारण थंडी, आणि हे तर तुम्हीच लिहिलंय. ख्राइस्टचर्चचा जुलै, गॅरेज, रात्री १२. आई थंडीत इडलीचं पीठ कुठं ठेवायची आठवा बरं. ओट्यावर उघडं ठेवलं असतं का? ब्लँकेटात, धान्याच्या डब्यात, गॅसच्या शेजारी. तुमची बादली तर सिमेंटच्या जमिनीवर असणार, आणि सिमेंट खालून उष्णता शोषत राहतं. पहिले तीन दिवस चाललं कारण यीस्ट जोरात असताना स्वतःच गरमी तयार करतं, जसं ते मंदावलं तशी बादली गार झाली आणि गार झाली म्हणून अजून मंदावलं.

क्लोरीनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण ख्राइस्टचर्चवाले सगळेच विचारतात, २०१८ मध्ये तिकडच्या पाण्यात क्लोरीन टाकायला सुरुवात झाली तेव्हापासून प्रत्येक बिघाडाचं खापर त्याच्यावर फुटतं. नळाच्या क्लोरीननी तुमचा वॉश अडकलेला नाही. रात्रभर भांड्यात पाणी उघडं ठेवलंत तर बरं, नाही ठेवलंत तरी चालेल.

आता काय करायचं ते. क्रम महत्त्वाचा आहे, उलटसुलट करू नका.

आधी उबदार करा. बादली जमिनीवरून उचला, खाली लाकडी फळी किंवा थर्माकोल, आणि घरात आणा. तुमच्या घरात हॉट वॉटर कबर्ड असेल ना, गरम पाण्याच्या सिलिंडरचं कपाट, ज्यात टॉवेल ठेवतात? इथले अर्धे होमब्रूवाले त्याच्यावर जगतात. टॉवेल हलवा, बादली ठेवा. घरातल्यांची परवानगी घेऊन, वास येतो. कपाट नसेल तर हीट बेल्ट किंवा हीट पॅड. २५ ते २८ डिग्रीवर आणायचंय, एका रात्रीत हळूहळू. घाई म्हणून उकळतं पाणी ओतू नका, ३५ च्या वर गेलं की यीस्टला उलटा त्रास. आता नुसती ऊब दिल्यानं कधी कधी अर्धं काम होतं, पण तुमच्या बाबतीत मला वाटत नाही होईल, ते लिंबू सरबत मला डाचतंय.

मग पीएच. पट्ट्या आणा, वाइनवाल्यांसाठीच्या मिळतात ज्या ३ ते ५ च्या आसपास नीट दाखवतात. तीन किंवा खाली दिसला (दिसेलच) तर कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूची पूड, होमब्रू दुकानातलीच, शाळेचा खडू नव्हे. एक सपाट चमचा, थोडं थोडं भुरभुरवत. थोडं थोडं म्हणजे खरंच थोडं थोडं, कारण वॉशमध्ये कार्बन डायऑक्साइड ठासून भरलेला असतो आणि कोरडी पूड एकदम पडली की तो सगळा एकदम वर येतो. माझा एकदा कार्पेटवर आला होता. त्या कार्पेटविषयी अजून घरी बोलणं होतं. त्यापेक्षा आधी स्वच्छ चमच्यानं दोन मिनिटं हळू ढवळून गॅस काढून टाका मग पूड टाका. तळाचं यीस्ट पण त्यानं वर येतं, तेही हवंच आहे. अर्ध्या तासानी परत पट्टी. चार-साडेचार आला की थांबा.

खडूच का, तर तो भोळा आहे. आंबट असेल तेवढाच विरघळतो, उरलेला तळाशी बसून राहतो, जास्त पडला तरी फार बिघडत नाही. कोंबड्यांना घालतात तो शिंपल्यांचा चुरा फार्म सप्लायच्या दुकानात मिळतो, तोही तेच काम करतो, जुन्या मोज्यात बांधून (धुतलेल्या हो) पहिल्या दिवसापासून बादलीत सोडून द्यायचा, तो आपला बसल्या बसल्या आंबटपणा खात राहतो. पुढच्या वेळी हेच करा. खायचा सोडा चिमूट दोन चिमूट चालतो पण त्यातलं सोडियम यीस्टला आवडत नाही, आणि जास्त सोडा, वर डीएपी, आणि तांब्याचा स्टिल असं जमलं तर अमोनिया सुटतो आणि तांब्याशी भिडून निळं पाणी बाहेर पडतं. खरंच निळं. ते प्यायचं नसतं. आणि कुणीतरी तुम्हाला पानात लावायचा चुना सुचवेल, आपल्याकडचा माणूस असेल तर नक्कीच सुचवेल. नको. चुना फार तिखट, एका बोटानं पीएच कुठल्या कुठं जातो आणि परत आणायला पुन्हा लिंबं पिळायला लागतात.

तिसरं, पाणी. हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल पण ७ किलो साखर २५ लीटरला फार झाली. १० लीटर पाणी वाढवा, बादलीइतकंच उबदार. एका बादलीत मावणार नाही, दुसरी आणा, साडेसतरा-साडेसतरा करा, तळाचा गाळ दोन्हीत वाटून जाईल असं बघा. म्हणजे एकूण ३५ लीटर झाले, जणू सुरुवातच १.०७६ वरून केली होती. ग्रॅव्हिटी १.०२९ च्या जवळपास येईल, अल्कोहोल पावणेनऊवरून सव्वासहावर उतरेल, यीस्ट मोकळा श्वास घेईल, आणि शेवटी दोन्ही बादल्यांत अकरा टक्क्यांच्या आसपास मिळेल. साखर तेवढीच, म्हणजे एकूण अल्कोहोलही तेवढाच, फक्त स्टिल एकाऐवजी दोनदा भरायला लागेल. नवशिक्यांना टक्केवारीचा सोस असतो, मलाही होता. पंधरा टक्क्यांचा कष्टी वॉश आणि अकराचा सुखी वॉश यांच्यात अकरावालाच चवीला बरा निघतो, कारण हाल झालेलं यीस्ट वास सोडतं, नेलपॉलिशसारखा, आणि तो पुढं तुमच्याबरोबर स्टिलमधून येतो.

चौथं जेवण. ब्रेडचं यीस्ट दोन मोठे चमचे घ्या, कपभर पाण्यात दहा मिनिटं उकळा. हो, उकळा, मारून टाका. मेलेलं यीस्ट हे जिवंत यीस्टचं सगळ्यात सकस जेवण, नायट्रोजन, जीवनसत्त्वं सगळं त्यात. ऐकायला क्रूर आहे. गार करून अर्धं अर्धं दोन्ही बादल्यांत. सोबत प्रत्येकीत ८-९ ग्रॅम डीएपी. एक सांगतो, अल्कोहोल नऊ-दहाच्या पुढं गेलं की यीस्टला डीएपी नीट पचत नाही, बाहेरून आत घेताच येत नाही, म्हणून आधी पाणी आणि मग डीएपी हा क्रम. उलटा केलात तर डीएपी तसाच पडून राहील.

आता झाकण लावा आणि चोवीस तास लांब राहा. मला पैजेवर विचाराल तर इथंच काम होईल, कारण तुमचं यीस्ट मेलेलं नाही, आंबटपणानं आणि गारठ्यानं झोपलंय. दोन दिवसांनी रीडिंग घ्या. नमुना काढल्यावर हायड्रोमीटर गर्रकन फिरवा म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतात, नाहीतर ते त्याला वर उचलतात आणि रीडिंग जास्त दिसतं. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वाकण्यावरून साखर मोजणारा) असेल तर तो कपाटात ठेवा, अल्कोहोल आला की तो थापा मारतो. आणि स्टिलबरोबर जो अल्कोहोलमीटर मिळालाय तो वॉशमध्ये बुडवू नका, तो फक्त तयार दारूसाठी, साखर असली की त्याचा आकडा निरर्थक.

आकडा पाच-सात पॉइंट जरी उतरला असेल तर हात लावू नका, होऊ दे, आठवडा लागेल.

नाहीच उतरला तर मग पाकीट. पण ब्रेडचं नको, ईसी-१११८ आणा, शॅम्पेनचं यीस्ट, अठरा टक्क्यांपर्यंत तग धरतं. पाच ग्रॅमची दोन पाकिटं. आणि थेट बादलीत भुरभुरवायची नाहीत. कोरडं यीस्ट सहा टक्के अल्कोहोलमध्ये पडलं की बहुतेक जागीच दगावतं, विरजण उकळत्या दुधात टाकल्यासारखं. आधी ३५ ते ४० डिग्रीच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, मग एका मोठ्या बरणीत अर्धा लीटर कोमट पाणी, दोन चमचे साखर, चिमूटभर डीएपी, त्यात सोडा. दोन-तीन तासात फेस धरेल. मग त्यात अर्धा लीटर अडकलेला वॉश घाला. परत फेस येईपर्यंत थांबा. मग एक लीटर. मग दोन. असं दुप्पट दुप्पट करत नव्या सुनेला घराची सवय लावल्यासारखं, आणि शेवटी जोरात असताना दोन्ही बादल्यांत वाटून टाका. पूर्ण दिवस जातो याच्यात. रविवार बघा.

गुळाचं काय ते राहिलं. माझ्या पहिल्या बादलीला मी तेच केलं होतं. अडकली, मला वाटलं खायला कमी पडतंय, म्हणून अर्धा किलो गूळ किसून टाकला. आता समोर तीस पॉइंट साखर तशीच पडलेली असताना कमी काय पडत होतं ते देवाला माहीत. ती बादली मी महिनाभर सांभाळली आणि शेवटी लिंबाच्या झाडाला घातली. झाड पण वर्षभर रुसलं होतं. गुळात क्षार वगैरे असतात हे खरंय आणि सुरुवातीला साखरेच्या जागी थोडा गूळ घेतला तर वॉश बरा चालतो, वासही छान येतो, पण अडकलेल्या बादलीत अजून साखर म्हणजे भरल्या गाडीत अजून पोतं.

अडकलेला तसाच स्टिलमध्ये घालू का, असं तुमच्या मनात येणार, येतंच. साखर काही वाफेबरोबर वर जात नाही, म्हणून तत्त्वतः चालतं. पण तुमच्या छोट्या स्टिलमध्ये खाली इलेक्ट्रिक एलिमेंट असेल तर उरलेली साखर त्यावर करपते, आणि तो करपट वास सगळ्या मालात उतरतो, एलिमेंट घासायला लागतो तो वेगळाच. ०.९९० ते ०.९९५ च्या मध्ये येऊ दे, दोन दिवस ओळीनं तेच रीडिंग दिसू दे, मग गार जागी ठेवून गाळ बसू दे, वरचं निवळ काढून घ्या.

आता वहिनींचं. त्यांची भीती खोटी नाही. मालवणीला २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली, मी तेव्हा मुंबईतच होतो आणि ते दिवस विसरण्यासारखे नाहीत. पण तिथं जे झालं ते मिथेनॉलमुळे, कारखान्याचं मिथेनॉल दारू म्हणून विकलं गेलं. बादलीत मिथेनॉल बनतं ते मुख्यतः फळांच्या सालीगरात असतं त्या पेक्टिनमधून, पांढऱ्या साखरेत पेक्टिन नसतं, म्हणून तुमच्या वॉशमध्ये ते नगण्य. आणि वॉश अडकला म्हणून तो विषारी होत नाही, फक्त गोड राहतो. वहिनींना सांगा की घरच्या स्टिलचा खरा धोका आगीचा. अल्कोहोलची वाफ पेट घेते, म्हणून गॅसची शेगडी जवळ नको, खिडकी उघडी, स्टिल चालू असताना तुम्ही तिथंच, आणि गरम दारू लागते तिथं प्लास्टिक कुठंही नको. झोपून गेलो, बाहेर जाऊन आलो, असलं काही नाही.

तुमच्या पत्राच्या शेवटी होतं की डिसेंबरात गावी जाताय आणि मेव्हण्याला पण शिकवायचंय. नको भाऊ. इथं न्यूझीलंडात १९९६ पासून स्वतःपुरतं काढायला मोकळीक आहे, तीसुद्धा विकायची नाही या अटीवर, मित्राकडून "खर्चापुरते" पैसे घेणं पण विकणंच झालं. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि घरी गाळणं म्हणजे सरळ गुन्हा, तिथं "न्यूझीलंडला चालतं" हे पोलीस स्टेशनात सांगून काही उपयोग नाही. ऑस्ट्रेलियातल्या वाचकांनाही हेच, तुमच्याकडे पण लायसन्सशिवाय नाही. मेव्हण्याला इडलीचं पीठ शिकवा.

पट्टी आणली की पहिला पीएच मला कळवा, मी २.८ म्हणतोय. आणि यापुढं प्रत्येक रीडिंगशेजारी त्या वेळचं तापमान लिहा, १.०८५ चा घोळ परत नको.